प्रतिस्पर्ध्यांच्या वर्गणीतून उभे राहिलेले स्मारक

विद्यार्थी मित्रहो, युद्धात कामी आलेल्या वीरांची स्मारके आपणा बेळगावकरांना नवीन नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याच गावात आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, शरकतच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीने गाजवलेला पराक्रम या केंद्राच्या इतिहासात मानाने सांगितला जातो. स्मारक म्हटले की दगडी स्तंभ आणि त्यावर कोरलेली नावे आपल्या डोळ्यांसमोर येतात.

त्याच महायुद्धानंतर अमेरिकेतील काही महाविद्यालयांनी मात्र आपल्या हुतात्म्यांसाठी खेळाच्या वास्तू बांधल्या. व्हर्जिनिया विद्यापीठाने १९२४ मध्ये आणि आयडाहो विद्यापीठाने १९२८ मध्ये स्मारक म्हणून व्यायामशाळा उभारली. न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन विद्यापीठात त्याआधीच, जानेवारी १९२३ मध्ये, बर्फावरच्या हॉकीसाठी एक मोठे क्रीडागृह सुरू झाले होते. ते एका माजी विद्यार्थ्याच्या नावाने बांधलेले आहे. त्याचे नाव होबी बेकर. या अंकात त्याची ओळख करून देत आहोत.

होबीचे पूर्ण नाव होबार्ट एमरी हेअर बेकर. त्याचा जन्म १५ जानेवारी १८९२ रोजी फिलाडेल्फियाजवळच्या बाला किनविड या गावी झाला. लहानपणीच तो आणि त्याचा थोरला भाऊ थॉर्नटन यांना न्यू हॅम्पशायर राज्यातील सेंट पॉल्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे हिवाळ्यात तळी गोठत आणि मुले त्यांवर हॉकी खेळत. या खेळात पायांत लोखंडी पात्यांचे बूट असतात आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते. रात्री इतर मुले वसतिगृहात परतली की होबी अंधारात एकटाच सराव करी. खाली न पाहता चकती काठीच्या ताब्यात ठेवता यावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे ज्या कौशल्याला लोक दैवी देणगी म्हणत, ते त्याने असे रात्री जागवून मिळवले होते.

१९०७ साली अमेरिकेत आर्थिक संकट आले आणि बेकर कुटुंबालाही त्याची झळ बसली. दोन्ही मुलांना महाविद्यालयात पाठवणे वडिलांना शक्य राहिले नाही. तेव्हा थॉर्नटनने आपले शिक्षण सोडले आणि धाकट्या भावाला पुढे जाऊ दिले. होबीच्या कीर्तीची गोष्ट सांगताना या थोरल्या भावाला विसरून चालणार नाही. अशी भावंडे आपल्याकडेही घरोघरी असतात आणि त्यांची नावे कोणत्याच फलकावर लागत नाहीत.

१९१० मध्ये होबी प्रिन्स्टनला दाखल झाला. अमेरिकन फुटबॉल आणि हॉकी या दोन्ही खेळांत त्याने नाव मिळवले आणि १९१३ मध्ये फुटबॉल संघाचे नेतृत्वही त्याच्याकडे आले. तो शिरस्त्राण न घालता खेळे, त्यामुळे त्याचे सोनेरी केस प्रेक्षकांना दुरूनही ओळखू येत. त्या काळी हॉकीचा संघ सात जणांचा असे. होबी त्यात मैदानभर संचार करणाऱ्या खेळाडूच्या जागी होता. प्रिन्स्टनला तेव्हा स्वतःचे बर्फाचे मैदान नव्हते. त्यामुळे संघ न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस क्रीडागृहात खेळे आणि तेथे होबीला पाहण्यासाठी गर्दी लोटे. आज होबी बेकर खेळणार, अशी पाटी एकदा दाराबाहेर लागली, तेव्हा त्याने ती काढायला लावली. संघ खेळतो, एकटा कोणी खेळत नाही, अशी त्याची धारणा होती.

त्याची आणखी एक सवय विशेष सांगण्यासारखी आहे. सामना जिंको वा हरो, खेळ संपला की तो प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाई, प्रत्येकाशी हस्तांदोलन करी आणि चांगल्या खेळाबद्दल आभार मानी. प्रतिपक्षाचे खेळाडू त्याला अडवण्यासाठी धसमुसळेपणा करीत, पण तो मात्र नियम सोडून खेळल्याचे क्वचितच दिसे.

१९१४ मध्ये पदवी मिळाल्यावर त्याने न्यूयॉर्कमध्ये एका बँकेत नोकरी धरली. मॉन्ट्रियलच्या व्यावसायिक संघाने त्याला बोलावले होते, परंतु पैशासाठी खेळणे त्याला मान्य नव्हते. तो हौशी संघातूनच खेळत राहिला. याच सुमारास त्याला विमानाची ओढ लागली. १९१६ मध्ये त्याने विमान चालवण्याचे शिक्षण घेतले. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरल्यावर तो वैमानिक म्हणून फ्रान्सला गेला. शत्रूची तीन विमाने पाडल्याचे श्रेय त्याला मिळाले आणि फ्रान्स सरकारने त्याला क्र्वा द गेर हे शौर्यपदक दिले. पुढे १४१ व्या विमानदलाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. त्या दलाची विमाने त्याने प्रिन्स्टनच्या नारिंगी आणि काळ्या रंगांत रंगवून घेतली.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. होबी सुखरूप होता. २१ डिसेंबरला त्याच्या हातात मायदेशी परतण्याचा हुकूम होता. निघण्यापूर्वी एकदा उड्डाण करावे असे त्याच्या मनात आले. सहकाऱ्यांनी परोपरीने नको म्हटले, तरी नुकतेच दुरुस्त होऊन आलेले विमान घेऊन तो पावसात वर गेला. थोड्याच उंचीवर इंजिन बंद पडले. विमानतळाकडे वळण्याच्या प्रयत्नात विमान कोसळले आणि काही मिनिटांतच त्याचा अंत झाला. वय अवघे २६. लढाईतून वाचलेला हा तरुण शांततेच्या काळात, एका टाळता येण्याजोग्या उड्डाणात गेला. त्याच्या धाडसाचे कौतुक करताना सहकाऱ्यांचा सल्लाही आपण ध्यानात ठेवावा, असे आम्हांस वाटते.

त्याच्या मित्रांनी स्मारकाचे ठरवले, तेव्हा पुतळ्याऐवजी क्रीडागृह बांधायचे असे निश्चित झाले. वर्गणी देणारे १,५३७ जण निघाले आणि ते ३९ शिक्षणसंस्थांचे होते. त्यांत १७२ जण हार्वर्डचे आणि ९० जण येलचे होते. मित्रहो, ही दोन विद्यापीठे म्हणजे प्रिन्स्टनचे मैदानावरील कट्टर प्रतिस्पर्धी. ज्यांना होबीने हरवले, ज्यांनी त्याला पाडण्यासाठी जिवाचे रान केले, त्यांनीच त्याच्या स्मारकाला हात लावला. सामन्यानंतर त्यांच्या खोलीत येणारा होबी त्यांच्या लक्षात राहिला होता.

१९४५ मध्ये कॅनडातील हॉकीच्या मानवंदना दालनात पहिल्या मानकऱ्यांमध्ये त्याची निवड झाली. १९८१ पासून अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन हॉकीपटूला त्याच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. क्रीडागृहाला शंभर वर्षे उलटून गेली, तरी प्रिन्स्टनचे मुलामुलींचे संघ आजही तेथेच खेळतात.

आपल्या सीमाभागातील कितीतरी शाळा आणि तालमी लोकवर्गणीतूनच उभ्या राहिल्या आहेत. पालक आणि विश्वस्त यांना हे सांगायला नकोच. गेलेल्या माणसाच्या नावाने मुलांना मैदान, आखाडा वा व्यायामशाळा मिळाली, तर त्याची आठवण दगडापेक्षा अधिक जिवंत राहते. आणि विद्यार्थ्यांना इतकेच सांगणे आहे की आंतरशालेय सामने आता जवळ येत आहेत. ढाल आपल्या शाळेला मिळो वा न मिळो, खेळ संपल्यावर समोरच्या संघाकडे आपणहून चालत जा आणि हात पुढे करा.