परत आलेल्या मेलचा कायदा लिहिणारा माणूस : जॉन पोस्टेल

मेल गेली नाही की ती परत येते, म्हणजेच बाउन्स होते, हे आपण गृहीतच धरतो. पण ती परत आलीच पाहिजे, असा नियम कुणीतरी लिहावा लागला. ते होते जॉन पोस्टेल.

जन्म ६ ऑगस्ट १९४३, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना गावी. यूसीएलएमधून इंजिनिअरिंग केलं आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी. १९६९ मध्ये तिथे अर्पानेट सुरू झालं, तेव्हा ते त्या टीममध्ये होते. नेटवर्कचे नियम ज्या आरएफसी नावाच्या टिपणांतून निघतात, त्यांचं संपादन त्यांनी जवळजवळ तीस वर्षं केलं. लांब दाढी, पायात सँडल, असा हा साधा माणूस!

ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांनी आरएफसी ८२१, म्हणजे एसएमटीपी, लिहिलं. त्यातला नियम सरळ आहे. सर्व्हरने मेल एकदा स्वीकारली की ती पोचवायची, नाहीतर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. गुपचूप फेकून द्यायची नाही. उत्तराचा कोड ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. ५ ने सुरू झाला तर नाद सोडा.

आता गंमत बघा. ‘मेल पोचली नाही’ हा निरोपच पोचला नाही तर? त्याचा पुन्हा निरोप, त्याचाही निरोप... दोन मशीन रात्रभर भांडत बसतील! पोस्टेल यांनी तोडगा दिला : अशा निरोपावर पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा ठेवा. पत्ताच नाही, मग उत्तर कुणाला देणार?

मेलिंग लिस्टचा प्रश्न मात्र उरला. शंभर जणांच्या लिस्टवर एकाने लिहिलं, तर बंद पडलेल्या सगळ्या पत्त्यांचे बाउन्स त्या बिचाऱ्याच्या माथी का? १९८९ मध्ये पोस्टेल यांचे सहकारी रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेल्या आरएफसी ११२३ ने ठरवलं, की असे बाउन्स लिस्ट सांभाळणाऱ्याकडे जावेत. पत्ते ज्याच्या हातात, निस्तरणंही त्याच्याकडेच.

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, पोस्टेल गेले. वय अवघं ५५. विंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख आरएफसी २४६८ म्हणून, त्यांनीच सांभाळलेल्या मालिकेत छापला गेला.

तेव्हा फेस्टची लिस्ट सांभाळणाऱ्यांनो, ५५० आला की वैतागू नका. तो मेलेला पत्ता तेवढा काढून टाका. कुणीतरी आपल्याला खरं सांगावं, याची सोय पोस्टेल करून गेलेत.