विल्हेल्म मोबेर्ग

कार्ल आर्टुर विल्हेल्म मोबेर्ग (२० ऑगस्ट १८९८ – ८ ऑगस्ट १९७३) हे स्वीडिश कादंबरीकार, नाटककार, पत्रकार व इतिहासलेखक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडन सोडून अमेरिकेत वसलेल्या एका शेतकरी कुटुंबाची कथा सांगणारी त्यांची चार खंडांची कादंबरीमाला स्वीडिश साहित्यात मानाचे स्थान मिळवून आहे. या मालेवर आधारित दोन चित्रपटांमुळे ती स्वीडनबाहेरही सर्वदूर पोहोचली. मोबेर्ग स्वतः तरुणपणी देशांतराच्या उंबरठ्यावरून मागे फिरले होते. घर सोडून गेलेल्यांचा इतिहास मागे राहिलेल्या एका लेखकाने लिहिला, हे त्यांच्या साहित्याचे वेगळेपण होय.

जन्म व बालपण

मोबेर्ग यांचा जन्म दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रांतात मोशुल्तामोला या वस्तीवर झाला. त्यांचे वडील गावसैनिक होते. त्या काळी काही शेतकरी मिळून एका सैनिकाच्या निर्वाहाचा भार उचलत आणि त्याला झोपडी व जमिनीचा लहान तुकडा देत. अशाच एका सैनिकाच्या घरात विल्हेल्म वाढले. आईवडिलांना झालेल्या सहा अपत्यांपैकी तिघेच मोठेपणापर्यंत जगले.

स्मोलांडची जमीन खडकाळ आणि नापीक. शेतातले दगड वेचून त्यांचे बांध घालण्यातच पिढ्यानपिढ्यांचे श्रम खर्ची पडत. लोकसंख्या वाढत गेली, वाटण्यांमुळे शेते लहान होत गेली आणि नापिकीच्या वर्षांनी उपासमार आणली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत सुमारे १३ लाख स्वीडिश लोक अमेरिकेस गेले. स्मोलांड हा त्यातील एक प्रमुख प्रांत होता. मोबेर्ग यांचे अनेक नातलगही अमेरिकेत होते. तिकडून येणारी पत्रे आणि छायाचित्रे हा त्यांच्या बालपणीच्या जगाचा भाग होता.

शिक्षण व पत्रकारिता

त्यांचे शालेय शिक्षण १९०६ ते १९१२ या काळात झाले. पुढे त्यांनी शेतमजूर, जंगलातील कामगार व काचकारखान्यातील मजूर म्हणून कामे केली. १९१६ मध्ये त्यांनी नातलगांच्या मागोमाग अमेरिकेस जाण्याचा बेत केला होता. पण अखेरीस ते आईवडिलांजवळच राहिले. आईवडिलांनी दिलेल्या पैशांवर त्यांनी कात्रिनेहोल्म येथील शाळेत पुढील शिक्षण घेतले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ते दीर्घकाळ आजारी होते. त्यातून बरे झाल्यावर १९१९ पासून वाडस्टेना येथील एका वृत्तपत्रात त्यांनी काम केले. १९२३ मध्ये त्यांचा मार्गारेता टॉर्नक्विस्ट यांच्याशी विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली.

लेखन व युद्धकाळ

१९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रास्केन्स' या कादंबरीने त्यांना नाव मिळवून दिले. तिचा विषय त्यांच्या वडिलांसारख्याच एका गावसैनिकाचे कुटुंब हा होता. त्यानंतर ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले. खेडे सोडून शहरात आलेल्या माणसाची घालमेल त्यांनी १९३५ ते १९३९ दरम्यान लिहिलेल्या तीन कादंबऱ्यांत मांडली.

दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला, तरी मोबेर्ग यांची लेखणी तटस्थ नव्हती. १९४१ मधील 'रीद इ नात' (आज रात्री घोडा पिटाळ) ही कादंबरी वरकरणी सतराव्या शतकातील स्मोलांडच्या शेतकऱ्यांची आहे. जर्मन सरदाराच्या वेठबिगारीपुढे गाव मान तुकवते, पण एक शेतकरी झुकण्यास नकार देऊन जंगलात जातो. वाचकांनी तिचा रोख नाझी राजवटीकडे असल्याचे तात्काळ ओळखले. १९४२ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला.

देशांतराची कादंबरीमाला

१९४८ मध्ये मोबेर्ग अमेरिकेस गेले. मिनेसोटा राज्यातील शिसागो परगण्यात ते सायकलवरून हिंडले आणि जुन्या स्वीडिश वसाहती, दफनभूमी व कागदपत्रे त्यांनी पाहिली. मिनेसोटातील इतिहास संस्थेत त्यांना अँड्र्यू पीटरसन या स्वीडिश शेतकऱ्याची रोजनिशी सापडली. पीटरसन यांनी दशकानुदशके हवामान, पेरणी, कापणी, शेजारधर्म व सफरचंदाची कलमे यांच्या कोरड्या नोंदी केल्या होत्या. त्यात अलंकार नव्हता. पण वसाहतकाराचा एकेक दिवस कसा जाई, हे त्यातून कळत होते. मालेचा बराचसा भाग मोबेर्ग यांनी कॅलिफोर्नियातील वास्तव्यात लिहिला.

'उत्वान्द्रार्ना' (देश सोडणारे, १९४९), 'इन्वान्द्रार्ना' (देशात येणारे, १९५२), 'नीबिग्गार्ना' (नवी वस्ती करणारे, १९५६) आणि 'सिस्ता ब्रेवेत तिल स्वेर्ये' (स्वीडनला शेवटचे पत्र, १९५९) असे या मालेचे चार खंड आहेत. कार्ल ऑस्कर आणि त्याची पत्नी क्रिस्तिना यांची थोरली मुलगी उपासमारीच्या दिवसांत दगावते. तोवर प्रवासास नकार देणारी क्रिस्तिना त्यानंतर तयार होते आणि १८५० मध्ये कुटुंब कार्ल्सहाम्न बंदरातून जहाजाने निघते. मिनेसोटात कार्ल ऑस्करला हवी तशी काळी कसदार जमीन मिळते; क्रिस्तिनाचे मन मात्र माहेरच्या दुवेमोला गावीच राहते. तिच्यासाठी तो माहेराहून आणवलेल्या बियांपासून सफरचंदाचे झाड वाढवतो. पुढे मृत्युशय्येवर तिला त्याच झाडाचे फळ मिळते. एकाच संसारात एकाला मिळालेले सुख आणि दुसऱ्याने सोसलेले दुःख मोबेर्ग सारख्याच आस्थेने तोलतात.

वसाहतकारांना मिळालेली जमीन मुळात स्थानिक आदिवासी जमातींची होती, हेही मालेत दडवलेले नाही. १८६२ मधील डकोटा जमातीचा उठाव व त्यामागील उपासमार यांना कथेत महत्त्वाचे स्थान आहे.

चित्रपट

दिग्दर्शक यान त्रोएल यांनी १९७१ मध्ये 'उत्वान्द्रार्ना' आणि १९७२ मध्ये 'नीबिग्गार्ना' हे चित्रपट केले. दोन्ही चित्रपट प्रत्येकी तीन तासांहून अधिक लांबीचे आहेत. पटकथा त्रोएल व निर्माते बेंग्ट फोर्शलुंड यांनी लिहिली. छायाचित्रण व संकलन त्रोएल यांनी स्वतःच केले. मॅक्स फॉन सीडो यांनी कार्ल ऑस्करची आणि लिव्ह उलमान यांनी क्रिस्तिनाची भूमिका केली. संवाद कमी ठेवून नांगरणी, जहाजावरील आजार, लाकूडतोड व बाळंतपण यांचा तपशील शांतपणे दाखवणे ही या चित्रपटांची शैली आहे. पहिल्या चित्रपटास ऑस्करच्या परदेशी भाषा विभागात नामांकन मिळाले. अमेरिकेत प्रदर्शित झाल्यावर सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री व रूपांतरित पटकथा अशी आणखी चार नामांकने त्याला मिळाली. इंग्रजीतर चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

सार्वजनिक भूमिका व इतिहासलेखन

मोबेर्ग राजेशाहीचे कडवे विरोधक व प्रजासत्ताकाचे पुरस्कर्ते होते. १९५० च्या दशकात न्यायव्यवस्थेतील व प्रशासनातील गैरप्रकारांवर त्यांनी सातत्याने टीका केली. इतिहास राजांचा लिहिला जातो, शेतकऱ्यांचा नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. म्हणून उतारवयात त्यांनी सामान्य जनांच्या दृष्टीने स्वीडनचा इतिहास लिहावयास घेतला. त्याचे दोन खंड १९७० व १९७१ मध्ये निघाले. दुसरा खंड सोळाव्या शतकातील नील्स डाके याच्या स्मोलांडमधील शेतकरी उठावापर्यंत येतो. पुढील खंड लिहून झाले नाहीत.

अखेर व वारसा

अखेरच्या काळात मोबेर्ग यांना नैराश्याने ग्रासले होते आणि लेखनही होईनासे झाले होते. ८ ऑगस्ट १९७३ रोजी स्टॉकहोमच्या उत्तरेस वेड्डो येथे, घराजवळच्या पाण्यात त्यांनी आपले जीवन संपवले.

कार्ल्सहाम्न बंदरात कार्ल ऑस्कर व क्रिस्तिना यांचा पुतळा आहे. तो पुढे समुद्राकडे पाहतो, ती वळून मागे पाहते. त्याची प्रतिकृती मिनेसोटातील लिंडस्ट्रॉम येथे उभी आहे, तर शिसागो सिटी येथे सायकलसह मोबेर्ग यांचा पुतळा आहे. ॲबा या संगीतसमूहातील बेन्नी अँडरसन व ब्यॉर्न उल्व्हेउस यांनी कादंबरीमालेवर रचलेले संगीतनाट्य १९९५ मध्ये माल्म्यो येथे रंगभूमीवर आले. अमेरिकेतील स्वीडिश वंशाच्या अनेक कुटुंबांसाठी ही कादंबरीमाला आपल्या पूर्वजांच्या आयुष्याची ओळख ठरली आहे.