बापाने ज्या पंथासाठी जीव दिला तो सोडणारी राणी, छापचित्रांत मात्र कायम योद्धाच राहिली

डोक्यावर शिरस्त्राण, शेजारी घुबड. १६४९ मध्ये येरेमियास फाल्क या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या या चित्रात मिनर्व्हा दिसते, म्हणजे रोमन लोकांची युद्धाची आणि विद्येची देवी. चेहरा मात्र स्वीडनच्या राणीचा आहे, क्रिस्टिनाचा.

गंमत म्हणजे ही राणी कधी रणांगणावर लढलीच नाही.

तिचा जन्म १६२६ चा. वडील गुस्ताव्ह अडॉल्फ हे युरोपातल्या प्रोटेस्टंटांचे हिरो. १६३२ मध्ये ल्युट्झनच्या लढाईत कॅथलिक फौजेशी लढताना ते गेले. पोरगी तेव्हा सहा वर्षांचीही नव्हती. तिला राजपुत्रासारखं वाढवलं, घोडेस्वारी शिकवली. कारभार हातात आल्यावर मात्र तिने युद्ध संपवण्याचा आग्रह धरला आणि १६४८ मध्ये तह झाला. (त्याच वर्षी तिच्या सैन्याने प्राग लुटलं आणि तिथला कलासंग्रह नंतर स्टॉकहोमला नेला, हेही खरं.)

आता अशा राणीचं चित्र युरोपभर पोहोचवायचं कसं? तैलचित्र महालाच्या भिंतीवरच राहतं. कोरलेल्या पत्र्यावरून शेकडो प्रती निघतात. म्हणून दरबारात फाल्कसारखे कारागीर लागायचे.

पण क्रिस्टिनाच्या मनात वेगळंच चाललं होतं. तिला कॅथलिक व्हायचं होतं आणि कायद्याने कॅथलिक माणूस स्वीडनच्या गादीवर बसू शकत नव्हता. जून १६५४ मध्ये तिने गादी चुलतभावाला दिली, पुरुषी वेश केला आणि घोड्यावरून देश सोडला. त्याच डिसेंबरात ब्रसेल्समध्ये गुपचूप पंथ बदलला. पुढच्या वर्षी इन्सब्रुकमध्ये ते जाहीर केलं.

रोमसाठी तर ही लॉटरीच होती. गुस्ताव्हची मुलगी आपल्याकडे! २८ फेब्रुवारी १६५६ ला बार्बेरिनी महालात तिच्यासाठी घोडेस्वारांचा खेळ झाला, सरदार विरुद्ध अ‍ॅमेझॉन, म्हणजे ग्रीक कथांमधल्या लढवय्या बायका. त्याच उत्सवात झालेल्या ऑपेराचं पुस्तक १६५८ मध्ये निघालं, त्यात रंगमंचावरच्या देखाव्यांची छापचित्रं होती.

दुसऱ्या बाजूला तिची बदनामी करणारी पत्रकंही छापून फिरत होती. १६५७ मध्ये फ्रान्समध्ये असताना तिने फितुरीच्या आरोपावरून आपल्याच सरदाराला ठार करवलं, तेव्हा तर त्यांना ऊत आला.

पंथ बदलला, देश सुटला, शिरस्त्राण मात्र तसंच राहिलं. तिच्या रोमच्या काळातल्या पदकांवरही ते दिसतं. १९ एप्रिल १६८९ ला ती रोममध्येच वारली आणि सेंट पीटर्समध्ये तिला पुरलं.