जंगल बुकवाल्याचे वडील जेजेत शिकवायला आले आणि स्वतःच विद्यार्थी झाले

वसई-विरारहून जेजे स्कूल ऑफ आर्टला जाणारी पोरं लगेच ओळखू येतात. एका हातात गोल गुंडाळलेले कागद, खांद्याला ड्रॉइंग बोर्ड आणि डोळ्यांत भीती, की दादरला उतरेपर्यंत या गर्दीत बोर्ड शाबूत राहतो की नाही. दादरला गाडी बदलायची, सीएसएमटीला उतरायचं आणि डी. एन. रोडने पाच-दहा मिनिटं चालायचं.

तिथून अजून थोडं पुढे गेलं की क्रॉफर्ड मार्केट लागतं. आताचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ च्या या इमारतीला कुर्ल्याचा पिवळसर दगड वापरलाय आणि त्याच्या जोडीला तांबूस दगड आहे तो वसईचा. म्हणजे विरार लोकलमधून उतरलेल्या पोराच्या गावचा दगड त्याच्या आधी दीडशे वर्षं तिथे जाऊन बसलाय.

आता मान जरा वर करा. दरवाज्यांच्या वर दगडात कोरलेली माणसं दिसतील. कष्टकरी, शेतकरी, इथलीच माणसं. ही उठावशिल्पं ज्याच्या हाताखाली झाली तो माणूस इथला नव्हता. तो थेट इंग्लंडहून जेजेत शिकवायला आलेला मास्तर होता. नाव जॉन लॉकवुड किपलिंग.

बरोबर ओळखलंत, मोगलीवाल्या रुडयार्ड किपलिंगचा बाप.

आजकाल परदेशी विद्यापीठांशी विद्यार्थी आणि शिक्षकांची अदलाबदल करायची म्हटलं की लगेच बातमी होते. २०२३ मध्ये जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यानंतर तर अशा चर्चा वाढणारच. पण परदेशी मास्तर इथे येणं ही गोष्ट जेजेला नवीन नाही. तिची सगळ्यात भारी आणि थोडी दुखरी गोष्ट या लॉकवुड किपलिंगची आहे.

तर झालं असं की, ६ जुलै १८३७ रोजी इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात पिकरिंग नावाच्या गावी लॉकवुडचा जन्म झाला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. १८५१ साली लंडनमध्ये जगभरातल्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. चौदा वर्षांच्या लॉकवुडने ते पाहिलं आणि ठरवून टाकलं की आपण हाताने काहीतरी घडवणारा माणूस व्हायचं. मग तो बर्सलेमला चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात नक्षीकाम शिकला. तिथून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये गेला. आज ज्याला व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम म्हणतात, तेच हे. त्या इमारतीच्या भाजक्या मातीच्या सजावटीवर त्याने काम केलं.

इकडे मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये दिले होते. १८५७ मध्ये शाळा सुरूही झाली, पण शिकवायला माणसं हवी होती. म्हणून विलायतेहून मास्तर बोलवायचं ठरलं. जॉन ग्रिफिथ्सकडे रंगकाम आणि सजावट, मायकेल हिगिन्सकडे लोखंडाचं नक्षीकाम आणि किपलिंगकडे इमारतींवरचं शिल्पकाम.

मार्च १८६५ मध्ये लॉकवुडने ॲलिस मॅकडोनाल्डशी लग्न केलं आणि लगेच दोघं मुंबईला निघाले. सुएझ कालवा तेव्हा खुला झालेला नव्हता. नवराबायको मुंबईत उतरले तेव्हा शहराची हवा टाइट होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि शेअर बाजाराचा फुगा फुटला. कालचे लखपती रस्त्यावर आले होते.

अशात जेजेच्या आवारातल्या घरात ३० डिसेंबर १८६५ ला मुलगा झाला. आईबाप इंग्लंडमध्ये रुडयार्ड नावाच्या तळ्याकाठी फिरायला जायचे, त्यावरून पोराचं नाव ठेवलं. सव्वा वर्षाने, १२ एप्रिल १८६७ ला, विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. विरार लोकल आणि रुडयार्ड किपलिंग जवळपास एकाच वयाचे आहेत म्हणा ना. दोघांनीही पुढे लोकांना भरपूर त्रास दिला, असं म्हणणारे सापडतील.

असो. मुद्दा शिकवण्याचा होता.

त्या काळात विलायतेतला कलाशिक्षणाचा साचा ठरलेला होता. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवायच्या आणि पोरांनी त्या बघून रेखाटत बसायचं. मुंबईतही तेच आलं. किपलिंग त्याच साच्यातून तयार झालेला. पण मुंबईत नवीन इमारतींचा सपाटा सुरू होता आणि त्यांना हवी होती कोरीव पानं, फुलं, प्राणी, माणसं. त्यामुळे किपलिंगचा वर्ग हळूहळू कारखान्यासारखा झाला. आधी कागदावर चित्र, मग मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टर आणि शेवटी दगडावर छिन्नी. आता मंडईसाठी माणसं कोरायची तर समोर मॉडेल कोण? ग्रीक देव काही भाजी विकत नाहीत. रस्त्यावरचा माणूसच बघावा लागणार.

इथून मास्तर बदलायला लागला.

ज्या पोरांना आणि कारागिरांना आपण शिकवायला आलो, त्यांच्या हातात आधीच शतकांची कला आहे, हे त्याच्या लक्षात आलं. लाकूड कोरणारा, कापडावर छपाई करणारा, कुंभार, सोनार, यांना लंडनचं नक्षीकाम शिकवून आपण त्यांचं भलं करतोय की वाटोळं? हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर सोडला नाही. १८७० आणि १८७२ मध्ये सरकारने त्याला उत्तर भारतात पाठवलं, तिथल्या कारागिरांची चित्रं काढायला. कामात गढलेल्या माणसांची ती चित्रं आजही लंडनच्या त्याच म्युझियममध्ये आहेत.

लगेच त्याला संत करायची गरज नाही. तो ब्रिटिश सरकारचा नोकर होता आणि साम्राज्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. भारतीय माणूस उत्तम कारागीर असतो हे त्याने मनापासून मान्य केलं, पण काय टिकवायचं आणि काय बदलायचं हे ठरवणारा साहेबच असणार, हेही त्याने गृहीत धरलं. इतिहासाच्या पुस्तकांत त्या शिल्पांपुढे नाव येतं ते किपलिंगचं. छिन्नी चालवणारे हात बिननावाचेच राहतात. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाच्या इमारतीवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातींची शिल्पं आहेत, ती करणाऱ्या मुकुंद रामचंद्र या सहायक इंजिनिअरचं नाव टिकलं, हा अपवाद.

या नोकरीची किंमत त्याच्या घरानेही मोजली. छोटा रुडयार्ड गोव्याकडच्या आयाबरोबर वाढत होता, तिच्याबरोबर बाजारात फिरत होता. इथली भाषा इतकी तोंडात बसली, की आईबापांसमोर इंग्रजी बोल अशी त्याला आठवण करून द्यावी लागायची. साहेबांच्या पोरांना इंग्लंडला पाठवायचं हा तेव्हाचा रिवाज होता. १८७१ मध्ये सहा वर्षांचा होत आलेला रुडयार्ड आणि तीन वर्षांची ट्रिक्स यांना साउथसी गावातल्या एका अनोळखी कुटुंबाकडे ठेवून आईबाप मुंबईला परतले. आपल्याला सोडून जाणार आहेत हे पोरांना सांगितलंसुद्धा नव्हतं. त्या घरात रुडयार्डचे फार हाल झाले. आई परत भेटली ती १८७७ मध्ये.

१८७५ मध्ये लॉकवुडला लाहोरच्या नव्या मेयो स्कूल ऑफ आर्टचा मुख्य करून पाठवलं. तिथल्या म्युझियमचा कारभारही त्याच्याकडेच. रुडयार्डच्या ‘किम’ कादंबरीत म्युझियम सांभाळणारा जो म्हातारा साहेब भेटतो, तो म्हणजे हाच बाप. मुंबईत जे उमगलं ते त्याने लाहोरात राबवलं. कारागिरांच्या घरातली पोरं घेतली आणि त्यांच्या घराण्याच्या कलेवरच शिक्षण उभं केलं. १८८४ पासून भारतीय कारागिरीवर एक नियतकालिकही काढलं.

इथे त्याला भेटला भाई राम सिंग. सुतारकाम करणाऱ्या शीख घरातला पोरगा, शाळेतला सगळ्यात हुशार. पुढे राणी व्हिक्टोरियाला आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये भारतीय पद्धतीचा दरबार हॉल हवा होता. किपलिंगने काम घेतलं आणि १८९१ मध्ये राम सिंगला इंग्लंडला पाठवलं. ज्या देशातून मास्तर आला होता, त्या देशात आता शिष्य गेला आणि थेट राणीच्या घरात छत-भिंती घडवू लागला. राणीने आपल्या चित्रकाराकडून त्याचं पोर्ट्रेट करून घेतलं. १९१० मध्ये हाच राम सिंग मेयो स्कूलचा प्रिन्सिपल झाला.

पण हे एका राम सिंगचं झालं. मुंबईच्या पोरांना विलायतेची वाट सहज सापडली नाही. जेजेतून अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक करमरकर लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला गेले, तोवर पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं. पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा प्रसिद्ध पुतळा घडवणारे ते हेच. उलट दिशेची वाहतूक मात्र चालू होती. ग्रिफिथ्सने जेजेच्या पोरांना घेऊन अजिंठ्यात वर्षानुवर्षं चित्रांच्या प्रती करून घेतल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या कित्येक जळून गेल्या.

१८९३ मध्ये लॉकवुड निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. विल्टशायरमधल्या टिसबरी गावात राहिला. मुलाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली, ‘किम’साठी तर आधी उठावशिल्पं बनवली आणि त्यांचे फोटो छापले. १९१० मध्ये ॲलिस गेली आणि दोनच महिन्यांनी, २६ जानेवारी १९११ ला, तोही गेला.

जेजेच्या आवारात आज किपलिंगचा पुतळा आहे, पण तो मुलाचा. जन्म झाला ते मूळ घर केव्हाच पडलं, आताचा बंगला नंतरचा. बापाचं काम बघायचं असेल तर मंडईत खरेदीला घुसायच्या आधी समोरच्या फुटपाथवर दोन मिनिटं थांबा, हातातल्या पिशव्या सांभाळा आणि वर बघा.