तणांचे बी बाटलीत पुरून ठेवणारा शास्त्रज्ञ

मृगाचा पाऊस झाला, सोयाबीन पेरले, की पंधरा-वीस दिवसांत लातूर-नांदेडच्या काळ्या रानात घोळ, केना, माठ डोके वर काढतात. मागच्या वर्षी दोनदा खुरपलेले रानही त्यातून सुटत नाही. मग एखादे रान किती वर्षे खुरपले म्हणजे त्यातले तणांचे बी संपेल? हा प्रश्न विल्यम जेम्स बील यांनी दीडशे वर्षांपूर्वी गांभीर्याने घेतला.

बील यांचा जन्म १८३३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात, शेतकरी कुटुंबात झाला. हार्वर्डमध्ये त्यांनी प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांच्याकडे शिक्षण घेतले. १८७० मध्ये ते मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात आले आणि पुढची चाळीस वर्षे तिथेच शिकवत राहिले. १८७३ मध्ये त्यांनी तिथे वनस्पती उद्यान उभारले. मक्याच्या दोन वाणांचा संकर केला तर उत्पन्न वाढते का, हे तपासणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांतही त्यांचे नाव घेतले जाते.

मात्र त्यांचे नाव टिकले ते बाटल्यांमुळे. १८७९ मध्ये त्यांनी वीस बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत ओलसर वाळू भरून त्यात २१ जातींच्या वनस्पतींचे प्रत्येकी ५० दाणे मिसळले. यात बहुतेक तणे होती आणि आपल्या ओळखीची घोळही होती. पाणी साचू नये म्हणून बाटल्यांची तोंडे उघडी आणि खाली कललेली ठेवून त्या सुमारे वीस इंच खोल पुरल्या. दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची आणि बी पेरून पाहायचे, असा बेत होता.

बील १९१० मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी हे काम सहकाऱ्याकडे सोपवले. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रयोग मात्र चालूच राहिला. बी संपेना, म्हणून बाटल्या काढण्यातले अंतर आधी दहा, मग वीस वर्षे केले गेले. २०२१ मध्ये सोळावी बाटली रात्रीच्या अंधारात काढली, कारण उजेड लागला की काही बिया जाग्या होतात. १४२ वर्षे पुरलेल्या त्या बाटलीतून व्हर्बास्कम या तणाची रोपे उगवली. पुढची बाटली २०४० मध्ये निघेल.

यामागचे कारण बियांच्या सुप्तावस्थेत आहे. एका झाडाचे सगळे बी एकाच पावसात उगवत नाही. काही बिया टणक सालीमुळे, काही उजेड किंवा योग्य तापमान न मिळाल्याने मातीत थांबून राहतात. नांगरटीने त्या वर आल्या की उगवतात. जमिनीत जणू बियांची शिल्लक असते आणि बी धरलेले प्रत्येक तण तीत भर घालते.

म्हणून तण फुलोऱ्यात येण्याआधीच काढावे, बांधावरचेही सोडू नये. बी धरलेले तण उकिरड्यावर टाकू नये. शेणखत पुरते कुजल्याशिवाय रानात पसरू नये. एक खुरपणी चुकली, तर तिची मजुरी आणि बायाबापड्यांचे कंबरेचे दुखणे पुढची अनेक वर्षे फेडावे लागते.