उंदीर पाळणारी मुलगी

आपल्या होस्टेलवाल्यांना उंदरांची ओळख करून द्यायची गरज नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री फाईलचा कोपरा कुरतडलेला मिळाला नाही, असा भाग्यवान आपल्यात क्वचितच असेल. म्हणूनच पहिल्या सेमिस्टरला मी रूममेट्सना सांगितलं की मी घरी उंदीर पाळलाय, तेव्हा एकीने तिचा पलंगच खिडकीकडे सरकवला! आज त्याच विषयावर लिहितेय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका गोड मानून घ्याव्यात ही विनंती.

माझं गाव आरोंदा. सावंतवाडी तालुक्यात, तेरेखोल खाडीच्या काठावर. पूल ओलांडला की किरणपाणी, म्हणजे गोवा. आमच्याकडे उंदीर माडावर चढून कोवळे नारळ पोखरतो, घरात भाताची पोती फोडतो. जवळच रेडीला खाणीत १९७६ साली गणपतीची मोठी मूर्ती सापडली आणि नंतर तिथेच दगडी उंदीरही सापडला. तिथे जाऊन आम्ही त्या उंदराला हात जोडतो आणि घरी येऊन उंदरासाठी सापळा लावतो. दोन्ही अगदी मनापासून!

बारावीच्या सुट्टीत मामाने मला गोव्याहून एक पांढरा, गुलाबी डोळ्यांचा उंदीर आणून दिला. मी त्याचं नाव मोदक ठेवलं. आणि त्याच पावसाळ्यात लावणी चालू असताना बाबांना लेप्टो झाला. पायाला छोटी जखम होती, चिखलाचं पाणी लागलं, एवढंच. ताप, पिवळे डोळे, हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस मोदकच्या पिंजऱ्याकडे ज्या नजरेने बघायचं ती मी विसरू शकत नाही. आजीने तर सांगूनच टाकलं की बाबा घरी यायच्या आत हा उंदीर घराबाहेर गेला पाहिजे. मलाही रात्री झोप येईना. खरंच माझ्या हौसेमुळे झालं असेल का हे?

त्या दिवसांत शाळेत बक्षीस मिळालेलं पीटर रॅबिटचं पुस्तक हाताशी होतं. ते लिहिणाऱ्या बिएट्रिक्स पॉटरबाईंनीही पांढरा उंदीर पाळला होता हे मला कळलं आणि मी त्यांचं चरित्र मिळवून वाचलं. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

बिएट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनमधला. घर श्रीमंत. दोन्ही आजोबांचा पैसा लँकेशायरच्या कापडधंद्यातला. वडील बॅरिस्टर, पण वकिलीपेक्षा फोटोग्राफीत जास्त रमलेले. मुलीला शाळेत घातलंच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गव्हर्नेस येऊन शिकवायची. मैत्रिणी नाहीत. भाऊ बर्ट्रम सहा वर्षांनी लहान, तोही पुढे बोर्डिंगला गेला. मग त्या खोलीत कोण? तर ससे, उंदीर, बेडूक, पाली, वटवाघळं, साळिंदरासारखा काटेरी हेजहॉग! त्यातच सॅमी नावाचा गुलाबी डोळ्यांचा पांढरा उंदीर.

पण ती नुसती लाड करणारी मुलगी नव्हती. प्राण्याचे पाय कुठे वळतात, कान कसे हलतात, हे ती तासन् तास बघून कागदावर उतरवायची. एखादा प्राणी मेला तर ती आणि भाऊ तो उकळून हाडं वेगळी करायचे आणि सांगाडा पुन्हा जुळवायचे. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण म्हणूनच तिच्या चित्रातल्या सशाने कोट घातला तरी आतलं शरीर सशाचंच राहतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंगच्या आधी असेम्ब्ली समजून घेतलेली!

पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिने रोजनिशी सुरू केली, तीही स्वतः बनवलेल्या सांकेतिक लिपीत. तिशी ओलांडेपर्यंत ती लिहीत राहिली. तिच्या मृत्यूनंतर हे कागद मिळाले तेव्हा कोणालाच वाचता येईनात. ते वाचले एका इंजिनिअरने! लेस्ली लिंडर त्यांचं नाव. कित्येक वर्षं प्रयत्न करून ते जवळजवळ हरले होते. १९५८ सालच्या ईस्टरच्या सोमवारी त्यांना एका ओळीत रोमन सोळा आणि १७९३ हे साल दिसलं. फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा शिरच्छेद १७९३ चाच. तेवढ्या धाग्यावरून त्यांनी एकेक अक्षर सोडवलं. पूर्ण रोजनिशी १९६६ मध्ये, तिच्या जन्मशताब्दीला, छापली गेली. आपल्या शाखेच्या माणसाचं हे काम मला फार आवडलं.

प्राण्यांनंतर तिला अळंब्यांचं वेड लागलं. शेकडो चित्रं काढली, घरीच मायक्रोस्कोपखाली बीजाणू रुजवून पाहिले आणि त्यावर एक शोधनिबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीसमोर मांडला गेला. तिला मात्र तिथे बसता आलं नाही, कारण बायकांना सभेत प्रवेश नव्हता. क्यू उद्यानातल्या एका शास्त्रज्ञाने तो मांडला. पुढे निबंध मागे घेतला गेला, छापला गेलाच नाही. तिला चांगली वागणूक मिळाली नव्हती, हे सोसायटीने कबूल केलं ते शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये.

१८९७ साल वाचून मी थबकले. कारण आपल्याकडे ते प्लेगचं साल. जानेवारीत मुंबईत हाफकिन साहेबांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. प्लेग माणसापर्यंत येतो तो उंदराच्या पिसवेमार्फत, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. म्हणजे उंदराला घाबरायला माणसांकडे खरोखर कारण होतं. आजीकडेही होतं. हे मी मान्य केलं तेव्हाच पुढचा विचार सुरू झाला.

पॉटरबाईंच्या गोष्टीकडे परत येते. १८९३ मध्ये त्यांच्या जुन्या गव्हर्नेसचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता. त्याला काय लिहावं सुचेना, म्हणून त्यांनी पत्रात चार सशांची चित्रं काढून गोष्ट लिहिली. तोच पीटर रॅबिट. पुढे पुस्तक करायचं ठरवलं तर प्रकाशकांनी नकार दिला. मग १९०१ मध्ये बाईंनी स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये वॉर्न कंपनीने पुस्तक काढलं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

वॉर्नकडचे धाकटे भाऊ नॉर्मन पुस्तकाचं काम बघायचे. त्यांना सुतारकामाची आवड. बाईंनी नातेवाइकांच्या घरी सापळ्यात पकडलेल्या दोन छोट्या उंदरांना वाचवून आणलं होतं. त्यांना नीट बघून चित्रं काढता यावीत म्हणून नॉर्मननी काचेचं घर बनवून दिलं. त्यातून १९०४ मध्ये दोन वाईट उंदरांचं पुस्तक झालं. १९०५ च्या जुलैत नॉर्मननी लग्नाची मागणी घातली. आईवडिलांना धंदेवाईक घरचा जावई नको होता, स्वतःचा पैसा कापडधंद्यातला असूनसुद्धा! बाईंनी तरीही अंगठी घेतली. महिन्याभरातच, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या आजाराने वारले.

त्याच वर्षी एकोणचाळिसाव्या वर्षी बाईंनी लेक डिस्ट्रिक्टमध्ये सॉरी गावात हिल टॉप नावाचं शेत घेतलं, पुस्तकांच्या पैशातून. आणि त्या जुन्या घरात काय निघालं असेल? उंदीर! भिंतीत, माळ्यावर, गोठ्यात, सगळीकडे. लहानपणी उंदीर मांडीवर घेणारी ही बाई आता काय करेल असं तुम्हाला वाटतं? त्यांनी दारांच्या तळाला जस्ताचे पत्रे ठोकून घेतले, भिंतीच्या कडा सिमेंटने बुजवल्या, घरात मांजरं आली. शेत चालवायचं तर धान्य वाचवलंच पाहिजे, यात त्यांना काही गोंधळ वाटला नाही.

पण त्यांनी एक पुस्तकही लिहिलं. १९०८ मध्ये आलेल्या या गोष्टीत हिल टॉपच्याच घरात सॅम्युअल व्हिस्कर्स नावाचा लठ्ठ उंदीर आणि त्याची बायको एका मांजराच्या पिल्लाला पकडून पिठात गुंडाळतात, त्याचं पुडिंग करायला! पिल्लू कसंबसं वाचतं आणि उंदीर ढकलगाडीवर सामान लादून पळ काढतात. त्या पळणाऱ्या चोरांना रस्त्यातून बघताना बाईंनी स्वतःलाही गोष्टीत घातलंय. आणि हे उंदरांच्या चोरीचं पुस्तक त्यांनी कुणाला अर्पण केलं? सॅमीला! वारून कितीतरी काळ झालेल्या आपल्या पांढऱ्या उंदराला. त्यात तो प्रेमळ होता हेही लिहिलं आणि पक्का चोर होता हेही.

हे वाचलं आणि माझा प्रश्न सुटला. माझ्या डोक्यात दोनच बाजू होत्या. एक तर आजी बरोबर, किंवा मी बरोबर. पॉटरबाई मात्र सॅमीवर जीव लावून शेतातल्या उंदरांचा बंदोबस्तही करत होत्या. दोन्हीकडे त्यांनी एकच केलं, उंदीर जसा आहे तसा नीट बघितला.

मीही तेच करायचं ठरवलं. डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी सांगितलं की लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि गुराढोरांच्याही लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. बाबांना बहुतेक शेतातच लागण झाली. पण पाळलेल्या उंदराकडूनही धोका अगदी शून्य नाही, म्हणून हातमोजे आणि साबण हवाच. मग आम्ही कामाला लागलो. माळ्याची भोकं पत्र्याने आणि सिमेंटने बुजवली, भात पत्र्याच्या पिंपात भरलं. बाबा पुढच्या वर्षीपासून गमबूट घालू लागले आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या न चुकता घेऊ लागले. मोदकचा पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब, पडवीत गेला. आजीने एवढ्यावर तडजोड केली.

कोणाला पाळायचाच असेल तर थोडं सांगते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्याला चावायला लाकूड द्यावं लागतं. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे काय खायला देतो ते जपून. त्याला उकाडा सोसत नाही, आमच्या मे महिन्यात मी पिंजऱ्याशेजारी थंड पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. डोळ्यांभोवती लाल दिसलं तर ते रक्त नसतं, पण तब्येत बिघडल्याची खूण असू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचं, उंदीर एकटा ठेवू नये. तो कळपातला प्राणी. दोन नर किंवा दोन माद्या, असे जोडीने ठेवावेत.

हे शेवटचं मला उशिरा कळलं. मी इकडे होस्टेलला आले आणि मोदक पडवीत एकटा राहिला. पहिल्या सेमिस्टरला मला इथे करमत नव्हतं, रोज रात्री घरी फोन करायचे, पण तिकडे त्यालाही करमत नसेल हे माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीसारखं प्राण्याला मी नीट बघितलं नव्हतं. दिवाळीत घरी गेले तर तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसलेला. पण बाबा संध्याकाळी खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसतात आणि त्याला खोबऱ्याचा तुकडा देतात, हे आईने मला हळूच सांगितलं. आजारातून उठल्यावर डॉक्टरांनी त्यांना काही महिने शेतात जायला मना केलं होतं. दोघेही घरात अडकलेले!

पॉटरबाईंचं पुढचं आयुष्य थोडक्यात. १९१३ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी विल्यम हीलिस या तिथल्याच वकिलांशी लग्न केलं. हळूहळू पुस्तकं कमी झाली, शेती वाढली. तिथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या नाहीशा होऊ नयेत म्हणून त्यांनी त्या पाळल्या, प्रदर्शनात बक्षिसं मिळवली. जमिनी विकल्या जाऊन बंगले उठू नयेत म्हणून एकेक शेत घेत गेल्या. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्या वारल्या तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेल्या. तिथे आजही मेंढ्या चरतात. ज्या मुलीला प्राण्यांशिवाय सोबत नव्हती, तिने शेवटी प्राण्यांना राहायला डोंगर ठेवले.

मोदक सव्वादोन वर्षं जगला. उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचंच असतं. तो गेला तेव्हा माझ्या परीक्षा चालू होत्या, म्हणून घरच्यांनी मला पेपर संपेपर्यंत सांगितलंच नाही. बाबांनी त्याला मागच्या दारच्या माडाखाली पुरलं. त्याच माडावरचे नारळ अजूनही उंदीर खातात आणि बाबा खोडाला पत्रा बांधतात.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी फाईल कुरतडली गेली तर वॉर्डन सरांकडे तक्रार जरूर करा, भोकंही बुजवून घ्या. फक्त उंदीर पळून जाण्याआधी एकदा थांबून त्याच्याकडे नीट बघा.