सशाच्या आदल्या दिवशीची अळंबी

पावसाळ्यात गाडी काढून घाटात फिरायला गेलो, की रस्त्याकडेच्या कुजक्या ओंडक्यावर एखादी विचित्र कुत्र्याची छत्री दिसते. आपण फोटो काढतो आणि पुढे जातो. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर मात्र थांबत. पीटर नावाच्या खट्याळ सशाच्या गोष्टीमुळे जग त्यांना ओळखते. कवकांच्या अभ्यासक म्हणून त्या फारशा कुणाला ठाऊक नाहीत.

त्यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनमधल्या श्रीमंत घरात झाला. शाळेत त्या कधी गेल्याच नाहीत, शिक्षण घरीच झाले. सुट्टीत कुटुंबाचा मुक्काम अनेकदा स्कॉटलंडमध्ये असे. तिथे चार्ल्स मॅकिंटॉश हे पोस्टमन रोज कित्येक मैल पायी टपाल वाटत. लाकडाच्या गिरणीतल्या अपघातात त्यांच्या डाव्या हाताची बोटे गेली होती. वाटेवरचे शेवाळ, नेचे, अळंब्या पाहता पाहता ते जाणकार झाले होते. १८९२ पासून दोघांची देवाणघेवाण सुरू झाली. मॅकिंटॉश टपालाने अळंब्यांचे नमुने लंडनला पाठवत आणि बिअ‍ॅट्रिक्स त्यांना चित्रे पाठवत. अळंबी नुसती वरून न रंगवता उभी कापून आतली रचनाही दाखवावी, हे त्यांनीच सुचवले.

सप्टेंबर १८९३ मध्ये डंकेल्ड गावाजवळ बिअ‍ॅट्रिक्सना एक दुर्मीळ अळंबी मिळाली. तिच्या टोपीवर पाइनच्या शंकूसारखे काळपट, केसाळ खवले होते. इंग्रजीत तिला ‘रानातला म्हातारा’ अशा अर्थाचे नाव आहे. कापल्यावर तिचा गर लालसर होतो, मग काळा पडतो. ३ सप्टेंबरला त्यांनी तिचे चित्र रंगवले. दुसऱ्याच दिवशी एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रात पीटर ससा जन्माला आला.

पण चित्रांवर त्यांचे समाधान होईना. अळंबी हे कवकाचे केवळ फळ. खरे शरीर म्हणजे माती-लाकडात पसरलेले बारीक तंतूंचे जाळे. टोपीखालून झडणाऱ्या बीजाणूंतून हे जाळे कसे उगवते, हे त्यांनी घरीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि टप्प्याटप्प्याने रेखाटले. रसायनशास्त्रज्ञ असलेले त्यांचे काका सर हेन्री रॉस्को त्यांना क्यू इथल्या वनस्पती उद्यानात घेऊन गेले, पण संचालकांनी त्यांना फारसे गांभीर्याने घेतले नाही. १ एप्रिल १८९७ रोजी त्यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, तो क्यूमधले जॉर्ज मॅसी यांच्यामार्फत. कारण तिथे स्त्रियांना सभासदत्व नव्हते, बैठकीला बसण्याचीही मुभा नव्हती. आणखी काम हवे, असे कळल्यावर त्यांनी निबंध मागे घेतला. तो आज उपलब्ध नाही.

पुढे १९०२ मध्ये पीटर सशाचे पुस्तक लोकांपुढे आले आणि त्या लेखिका झाल्या. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. चित्रे मात्र कामी आली. १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या कवकांच्या एका माहितीपुस्तकात त्यांची ५९ चित्रे छापली गेली. त्यांना मिळालेली वागणूक अन्यायाची होती, हे लिनियन सोसायटीच्या वतीने १९९७ मध्ये, म्हणजे तब्बल शंभर वर्षांनी, मान्य झाले.

पुढच्या सहलीत त्यांची सवय उचलायला हरकत नाही. अळंबी दिसली की टोपीची खालची बाजू, देठाचा बुंधा आणि शेजारचे झाड यांचेही फोटो घ्या. ओळख पटते ती यांवरून, नुसत्या रंगावरून नाही. मात्र रानातली अनोळखी अळंबी खाऊ नका. काही अळंब्यांचे विष शिजवूनही जात नाही आणि त्रास कित्येक तासांनी सुरू होतो. तोवर यकृताला इजा पोहोचू लागलेली असते. अशी अळंबी पोटात गेल्याची शंका आली, तर त्रासाची वाट न पाहता उरलेला तुकडा घेऊन थेट रुग्णालय गाठा.